डॉक्टर, परिचारिका आणि आपण

या सदरांत आम्ही बहुधा घरांतल्याच गोष्टी बोलतों. स्वयंपाकघर, मुलांचा अभ्यास, सणवार, वडीलधाऱ्यांचीं दुखणीं यांच्यापलीकडे आमची लेखणी फारशी जात नाहीं. या महिन्यांत मात्र ती रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत शिरत आहे, आणि त्याला कारणहि घरांतलेंच आहे.

गेल्या श्रावणांतली गोष्ट. औंढ्याचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस अंगणांतल्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ कसें धरतें हें सांगावयास नको. आमचे थोरले चुलते, ज्यांस आम्ही सारे अण्णा म्हणतों, दिवेलागणीच्या वेळीं तुळशीपाशीं जावयास निघाले आणि पायरीवरून घसरले. डोक्याला खोक पडली. रक्त बरेंच गेलें; पण अण्णा शुद्धीवर होते, बोलत होते, आणि 'कांहीं झालेलें नाहीं, हळद भरा' हा त्यांचा हट्टहि चालू होता. वय ७८ वर्षांचें. हट्ट चालूं देणें शक्य नव्हतें. पुतण्यानें गाडी काढली, आणि आम्ही व वहिनी अण्णांस घेऊन जवळच्या एका रुग्णालयांत गेलों.

तेथें प्रथम पुढें आल्या त्या पन्नाशीच्या घरांतल्या एक परिचारिका. त्यांनीं जखमेवर कापसाची घडी दाबून धरली, नाडी पाहिली, रक्तदाब मोजला आणि विचारलें, "आजोबांना रोजच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आम्हीं उत्तर दिलें, "डॉक्टर येऊं द्या, त्यांनाच सांगतों." त्या बाईंनीं मान हलविली आणि त्या कामाला लागल्या. आमच्या उत्तरांत उर्मट शब्द एकहि नव्हता. परंतु महत्त्वाची गोष्ट महत्त्वाच्या माणसालाच सांगावयाची, हा त्याचा अर्थ त्यांस कळल्यावांचून राहिला नसेल. आज तें उत्तर लिहून काढतांना आमची मान खालीं जाते.

त्या रात्रीं मोठ्या रस्त्यावर अपघात झाला होता आणि त्यांतील तिघे जण बाहेर स्ट्रेचरवर पडून होते. डॉक्टर आले ते धांवतच. वय तिशीच्या आंतबाहेर, डोळे जागरणानें तांबारलेले. त्यांनीं अण्णांस दोन प्रश्न विचारले. अण्णांनीं झोकांत उत्तरें दिलीं. टांके घालून झाले. गोळ्यांची गोष्ट सांगावयाची ती राहूनच गेली. ज्या माहितीस आम्हीं डॉक्टरांसाठीं म्हणून राखून ठेविलें होतें, ती त्यांच्यापुढें उभे असतां आम्ही साफ विसरलों. "घरी न्या, उद्यां पट्टी बदलायला या," असें म्हणून ते कागदावर लिहूं लागले.

तेव्हां परिचारिकाबाई बोलल्या. मध्यंतरीं त्यांनीं वहिनींस बाजूला घेऊन पिशवींतलें औषधांचें पाकीट पाहिलें होतें. "डॉक्टर, आजोबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. आणि आपण कुठल्या गावी आलों, हें त्यांनी मला तीनदां विचारलं." डॉक्टरांनीं वर न पाहतां म्हटलें, "सिस्टर, टाक्यांचं सामान आवरा. बाहेर तिघे थांबलेत." बाईंनीं सामान आवरलें नाहीं. त्या जागच्या हलल्याहि नाहींत. "डॉक्टर, यांना आत्तां घरी पाठवूं नये असं मला वाटतं. डोक्याचा स्कॅन करून घ्यावा." खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग त्या तरुण डॉक्टरांनीं हातांतलें पेन खालीं ठेवलें, अण्णांपाशीं येऊन पुन्हां सावकाश तपासलें, आणि स्कॅन करावयास सांगितलें. कवटीच्या आंत रक्तस्राव सुरू झालेला होता. थोडाच होता, पण होता. रातोरात अण्णांस पुढच्या मोठ्या रुग्णालयांत हलविलें, आणि अकराव्या दिवशीं ते घरीं आले. निघतांना डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "सिस्टर, बरं झालं सांगितलंत."

ही हकिकत एका बाईची स्तुति करण्यासाठीं सांगितली असें वाचकांनीं समजूं नये. त्यांचें पहिलें वाक्य सोपें होतें. दुसरें वाक्य उच्चारावयास त्यांस इतकें बळ कां लागावें, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

आमच्या औंढ्याच्या शेजारून पुणें-मुंबई द्रुतगति मार्ग जातो. २००२ सालीं तो संपूर्ण खुला झाला, आणि तेव्हांपासून मावळांतल्या माणसांस रात्रीं-अपरात्रीं रुग्णवाहिकेच्या भोंग्यानें जागें होण्याची संवय लागली आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या गाड्याहि महाराष्ट्रांत धांवूं लागल्या. आरंभीं त्या ९३७ होत्या. गाडी वेळेवर येणें हें मोठेंच काम झालें. परंतु गाडींतून माणूस उतरल्यावर पुढचें सारें त्या एका खोलींतल्या चारपांच माणसांच्या आपसांतल्या वागणुकीवर अवलंबून असतें, आणि त्याचा विचार आपण क्वचित् करतों.

इतर विभागांत डॉक्टर आणि परिचारिका यांचें काम बरेंचसें वांटलेलें असतें. डॉक्टर सकाळीं फेरी मारतात, औषधें लिहितात. परिचारिका दिवसभर तीं देतात. तातडीच्या विभागांत अशी वांटणी टिकत नाहीं. रुग्ण आल्याबरोबर कोणाला आधीं पाहावयाचें, कोणाला थांबवावयाचें, ही पहिली निवड पुष्कळ ठिकाणीं परिचारिकाच करते. तांबडी, पिवळी, हिरवी अशा खुणांनीं ती रुग्ण वेगळे काढते. डॉक्टर एका खाटेकडून दुसरीकडे धांवत असतो, आणि खाटेपाशीं सलग उभी राहते ती परिचारिका. रोगाचें ज्ञान डॉक्टरांस अधिक, यांत शंका नाहीं; पण समोरच्या माणसाच्या गेल्या अर्ध्या तासाचें ज्ञान तिला अधिक असतें. श्वास मघांपेक्षां उथळ झाला, ओठांचा रंग उतरला, म्हातारा तोच प्रश्न पुन्हां विचारूं लागला, हें तिच्याच दृष्टीस पडतें. हीं दोन ज्ञानें एकत्र आलीं तर रुग्ण वांचतो.

त्यांतून आणखी एक गमतीची उलथापालथ असते. शिकाऊ डॉक्टर चार-दोन महिन्यांसाठीं तेथें येतो, आणि पुढें दुसऱ्या विभागांत जातो. परिचारिका मात्र वीस वीस वर्षें तेथेंच काढतात. अवघड शीर कशी शोधावी, झटके येणाऱ्या मुलास कसें धरावें, हें कित्येक नामांकित डॉक्टर अशाच एखाद्या सिस्टरपाशीं शिकलेले असतात. हुकूम देणारा नवखा आणि हुकूम घेणारी अनुभवी, असा हा प्रकार. येथें न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं अनुभवाच्या तोऱ्यांत नवख्या डॉक्टरास चारचौघांत फटकारणाऱ्या सिस्टरहि आढळतात. मोठेपणाचा रोग पदवी पाहून जडत नाहीं.

अशा स्थितींत परिचारिका आपलें मत कसें मांडते? १९६७ सालीं लेनर्ड स्टाइन नांवाच्या एका अमेरिकन मनोवैद्यानें या विषयावर एक निबंध लिहिला आणि त्याला 'डॉक्टर आणि परिचारिका यांचा खेळ' अशा अर्थाचें नांव दिलें. त्याचें म्हणणें असें कीं परिचारिका डॉक्टरास सल्ला देते, परंतु तो सल्ला आहे असें दिसूं देत नाहीं. आणि डॉक्टर तो घेतो, परंतु आपण घेतला असें दाखवीत नाहीं. सरळ मतभेद तेवढा दोघांनींहि टाळावयाचा, हा खेळाचा नियम.

आमच्या वाचकभगिनींस हा खेळ समजावयास अमेरिकेंत जावें लागणार नाहीं. सासूबाईंच्या हातून आमटींत मीठ दोनदां पडलें. सुनेनें तें पाहिलें. 'आई, मीठ मघां घातलें आहे' असें म्हणणें म्हणजे उलट बोलणें. मग ती म्हणते, "आमटीला आज काय छान वास सुटलाय, जरा चव पाहूं का?" सासूबाई चतुर असल्या तर त्यांस कळतें, नसल्या तर पंगतींतले सारे मुकाट्यानें खारट आमटी जेवतात. घरांत या खेळाची किंमत एका जेवणाएवढी असते. तातडीच्या खोलींत चव पाहण्यास वेळ नसतो, आणि आडवळणानें सांगितलेली गोष्ट दमलेल्या माणसाच्या कानांत शिरत नाहीं.

हा खेळ किती खोल जातो याचा एक प्रयोग चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. एका अनोळखी 'डॉक्टरां'नीं दूरध्वनीवरून वॉर्डांतल्या परिचारिकेस सांगितलें कीं अमुक रुग्णास अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या, सही मागाहून करतों. औषधाच्या डबीवर तर स्पष्ट छापलेलें होतें कीं जास्तींत जास्त मात्रा १० मिलिग्रॅम. औषध अर्थात् लटकें होतें. २२ परिचारिकांपैकीं २१ जणी तें देण्यास निघाल्या आणि त्यांस वाटेंत थांबवावें लागलें. अशा प्रसंगीं तुम्ही काय कराल, असें इतर परिचारिकांस नुसतें विचारलें, तेव्हां बहुतेकींनीं आपण देणार नाहीं असेंच सांगितलें होतें. मनांतून कळणें आणि त्या क्षणीं 'नाहीं' म्हणणें यांत एवढें अंतर असतें. त्या बायका अडाणी नव्हत्या, निष्काळजीहि नव्हत्या. मोठ्यांच्या शब्दाआड येऊं नये, हें शिक्षण त्यांच्यांत इतर सर्व शिक्षणाच्या आधीं मुरलेलें होतें.

डॉक्टरांचीहि बाजू आहे. निर्णय चुकला तर नातेवाईक गळपट्टी धरतात ती त्यांची, आणि न्यायालयांत उत्तर द्यावें लागतें तेंहि बहुधा त्यांनाच. चोवीस तास, कधीं त्याहून अधिक, उभे राहिलेल्या माणसास प्रत्येक प्रश्न हा आक्षेप वाटूं लागतो. कोणीतरी एकानें शेवटचा शब्द बोलावा लागतो, हेंहि खरें. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या खाटेभोंवतीं सभा भरवून चालत नाहीं. आम्हांस म्हणावयाचें आहे तें इतकेंच कीं शेवटचा शब्द एकाचा असला तरी त्याच्या आधींचा शब्द दुसऱ्यास मोकळेपणानें बोलतां आला पाहिजे.

यावर उपाय निघाले आहेत आणि ते फार साधे आहेत. एक म्हणजे तोंडी हुकूम मोठ्यानें परत म्हणून दाखविणें. घाईंत डॉक्टर औषध आणि मात्रा सांगतो. परिचारिका तेंच पुन्हां उच्चारते. डॉक्टर 'हो' म्हणतो. मग सुई टोंचली जाते, आणि दिल्याबरोबर ती 'दिलें' असें सांगते. दुसरा उपाय अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आला. कोणतीहि गोष्ट वरिष्ठांस कळवितांना चार पायऱ्यांनीं कळवावी: आतां काय घडत आहे, मागची हकिकत काय, मला काय वाटतें, आणि काय करावें. आपल्याकडेहि पुष्कळ रुग्णालयांत ही रीत शिकविली जाते. तिच्यांत शेवटच्या दोन पायऱ्या मोलाच्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत परिचारिका निरोप्या असते. 'मला असें वाटतें' आणि 'असें करावें' हे शब्द आले म्हणजे ती सहकारी होते. आमच्या अण्णांसाठीं त्या बाईंनीं जें केलें तें नेमकें हेंच होतें. घडतें आहे तें आणि गोळीची हकिकत ही त्यांच्या पहिल्या वाक्यांत आली. मत आणि उपाय दुसऱ्यांत. पहिल्या वाक्यानें डॉक्टरांनीं मान वर केली नव्हती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आणि कधीं कधीं तर डॉक्टरांपर्यंत पोहोंचण्याचा मार्गच बंद होतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंतील कामा रुग्णालयांत अतिरेकी शिरले, तेव्हां अंजली कुलथे या परिचारिका गरोदर स्त्रियांच्या वॉर्डांत रात्रपाळीवर होत्या. त्यांच्या हवालीं वीस गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनीं वॉर्डाचे जड दरवाजे लावून घेतले, दिवे मालविले आणि त्या साऱ्याजणींस एका लहानशा कोठडींत नेऊन बसविलें. त्यांतल्या एकीस कळा सुरू झाल्या. गोळीबार चालू असतां डॉक्टरांस तेथें येणें शक्य नव्हतें; तेव्हां कुलथेबाईंनीं तिचा हात धरून, भिंतीच्या कडेकडेनें, तिला प्रसूतिगृहापर्यंत पोहोंचविलें. पुढें त्यांनीं कसाबला ओळखून न्यायालयांत साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढें आपली हकिकत सांगितली. त्या रात्रीं त्या बाईंनीं कोणाच्या हुकमाची वाट पाहिली असती तर काय झालें असतें, याचा विचार करावा. जिच्यावर अशा वेळीं वीस जीव सोंपविले जातात, तिनें इतर रात्रीं स्वतःचें मत गिळून बसावें, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

आतां आपल्या घरांकडे वळूं. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांनीं सेवासदनाचें काम उभें केलें, आणि थोड्याच वर्षांत त्या संस्थेंतून स्त्रिया परिचारिकेचें शिक्षण घेण्यास ससून रुग्णालयांत जाऊं लागल्या. त्यांत आपल्यासारख्याच घरांतल्या तरुण विधवा होत्या. परक्या पुरुषाचा देह, वाटेल त्या जातीचें रक्त, मलमूत्र यांचा स्पर्श होणार, या विचारानें सोंवळ्याओंवळ्याच्या त्या काळांत घरोघरीं काय वादळ उठलें असेल याची कल्पना करवते. तरी त्या गेल्या. पुढें आपल्या घरांस बरे दिवस आले, मुली डॉक्टर होऊं लागल्या, त्यांचे फोटो दिवाणखान्यांत लागले. आणि परिचर्येचें काम आपण जणूं ख्रिस्ती घरांतल्या, केरळांतून येणाऱ्या, खेड्यापाड्यांतल्या मुलींकडे सोंपवून मोकळे झालों. सोंवळें गेलें, पण त्याची सांवली राहिली. डॉक्टर आले म्हणजे आपण उठून उभे राहतों. सिस्टर आली म्हणजे तिला गादी बदलावयास सांगतों.

चार वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या पुतणीनें नर्सिंगला जाण्याचें बोलून दाखविलें होतें. "आपल्या घरांत?" एवढाच प्रश्न अण्णांनीं विचारला, आणि विषय मिटला. आम्ही तेथें बसलेले होतों. आम्हींहि कांहीं बोललों नाहीं. ती आतां एका बँकेंत आहे. दिवाळीपूर्वीं एके दिवशीं अण्णांनीं तिला विचारलें, "काय गं, त्या शिक्षणाला किती वर्षं लागतात?" ती म्हणाली, "चार." दोघेंहि त्यापुढें कांहीं बोललीं नाहींत.

अण्णा बरे झाल्यावर आम्ही पेढे घेऊन त्या परिचारिकाबाईंकडे गेलों, आणि त्या रात्रीच्या उत्तराबद्दल प्रथम क्षमा मागितली. त्यांस तें आठवतहि नव्हतें. अशीं उत्तरें त्यांस रोजच मिळत असावींत. मग आम्हीं विचारलें, "डॉक्टरांनीं एकदां गप्प केल्यावर पुन्हां बोलतांना तुम्हांला भीति नाहीं वाटली?" त्या म्हणाल्या, "वाटली. पण मागें एकदां मी बोललें नव्हतें." याहून अधिक त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हांस विचारवलें नाहीं.

सुज्ञ वाचकांस उपदेशाची गरज नसते. तरी तीन गोष्टी सुचवितों. पहिली अशी कीं घरांतील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या औषधांची यादी कागदावर लिहून ठेवावी, त्यांत रक्त पातळ करणारी गोळी आणि न सोसणारीं औषधें ठळक लिहावीं, आणि रुग्णालयांत जो प्रथम विचारील त्याला, मग तो डॉक्टर असो, सिस्टर असो वा ब्रदर असो, ती यादी द्यावी. दुसरी अशी कीं परिचारिका डॉक्टरांस कांहीं सांगत असली तर 'त्यांना काम करूं द्या' असें आपण मध्यें म्हणूं नये. कदाचित् त्याच वेळीं आपल्या माणसाचा जीव वांचत असेल. तिसरी गोष्ट घरांतली आहे, आणि ती सर्वांत अवघड आहे. जें मूल आजोबांस 'चष्मा कपाळावर आहे' असें सांगतें, जी सून 'मीठ घातलें आहे' असें सरळ म्हणते, तिला उलट बोलल्याचा दोष देऊं नये. उद्यां तींच मुलें कोठल्या ना कोठल्या खोलींत, कोणाच्या तरी खाटेपाशीं उभीं असतील. कोणी हुकूम देणारीं असतील, कोणी घेणारीं. थांबवावयाचें कसें आणि थांबावयाचें कसें, हें तीं आज आपल्या माजघरांत शिकत आहेत.